मायची सांदवाडी

आम्ही त्या गावात राहायला गेलो तेव्हा मायनं तिची पत्र्याची पेटी कित्येक महिने पूर्ण उघडलीच नाही. वरच्यावर लागतील तेवढी दोन लुगडी, माझे फ्रॉक आणि बाबांचा सदरा काढला, आणि पुन्हा झाकण लावून वर जातं ठेवून दिलं. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि त्यांची बदली आलापल्लीच्या पुढं, एटापल्लीच्या रस्त्यावरून आत वळलं की जंगलात बसलेल्या एका माडिया गावात झाली होती. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथली माणसं अजून आहेत, आणि त्यांना विचारल्याशिवाय त्यांना पुस्तकात आणून बसवणं मला बरं वाटत नाही. माय वरोऱ्याकडची, काळ्या मातीतली, नजर जाईल तिथवर कापूस पाहिलेली बाई. सागाच्या रांगांतून बैलगाडी आत शिरली तेव्हा तिनं एकदा वर पाहिलं आणि म्हणाली, ‘इथी तं आभायही दिसत नाई.’ त्यानंतर ती गावापर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि खरं सांगायचं तर पुढचे पाच-सहा महिनेही ती फारशी बोलली नाही. मी तिची एकुलती एक पोर, अकरा वर्षांची. तिच्या न बोलण्याचा सगळा भार माझ्यावर पडायचा, आणि मी तो फार शहाणपणानं उचलला असं काही नाही. मीही फुगून बसायची.

शाळेला लागूनच गुरुजींसाठी दोन खोल्या होत्या, वर कवेलू, पुढं ओसरी. मागं सांदवाडी होती. आमच्याकडं घरामागच्या भाजीपाल्याच्या तुकड्याला सांदवाडी म्हणतात. पुण्या-मुंबईकडचे लोक परसबाग म्हणतात, पण त्या शब्दात मला नेहमी कुंड्या दिसतात. कधीकाळी कुण्या हौशी गुरुजींनी तिथं लिंबू, जांब म्हणजे पेरू, मुंगना म्हणजे शेवगा लावला होता. त्यांच्यानंतरचे सगळे एकटेच राहणारे, शनिवारी सायकलवर टांग मारून आपापल्या गावी पळणारे. त्यांनी मागचं दार फक्त खरकटं पाणी फेकायला उघडलं असावं. तरोटा माझ्या छातीपर्यंत वाढला होता, काटेरी रायमुनीच्या झुडपांनी कुंपण गिळलं होतं, जांबाच्या बुंध्याला वारूळ चिकटलं होतं आणि लिंबावर इतकं बांडगूळ की लिंबू कुठलं आणि पाहुणा कुठला ते कळू नये. माय त्या बाजूला तोंडसुद्धा करायची नाही.

तिनं सांदवाडीत पहिलं पाऊल टाकलं ते बागेच्या प्रेमानं नव्हे, रागानं. बाजार आठवड्यातून एकदा, तोही दोन कोसांवर. चौथ्या दिवशी घरात वांगं उरायचं नाही, मग वरण-भात आणि वरून जवसाची चटणी. एका दुपारी बाबांनी ताटाकडं पाहून हसत म्हटलं, आजही वरणच का? बाबा थट्टेखोर माणूस. शाळेत कडक, घरात खोडकर. त्यांचा काही वाईट हेतू नव्हता. पण मायच्या डोक्यात सहा महिन्यांचं साचलेलं होतं. ती ताटावरून उठली, चुलीमागचा विळा घेतला, मागचं दार लाथेनं उघडलं आणि तरोटा कापायला लागली. संध्याकाळपर्यंत कापतच होती. बाबा दोनदा दारापर्यंत जाऊन आले. मी बसून पाहत होते, आणि मला मनातून फार बरं वाटत होतं, कारण कितीतरी दिवसांनी माय कुठल्या तरी गोष्टीवर तुटून पडली होती.

दुसऱ्या दिवशी कुम्मे आली. तिचं घर आमच्या समोरच, मोहाच्या झाडापलीकडं. वयानं मायएवढीच असेल, नवरा, दोन लेकरं, पाच-सहा शेळ्या. या शेळ्या आजवर आमच्या सांदवाडीला आपली जहागीर समजत होत्या. त्यांना हाकलायला म्हणून ती आत आली, मायच्या पुढचा ढीग पाहिला, कमरेची कोयती काढली आणि पलीकडच्या टोकाकडून रायमुनी तोडायला लागली. कुणी तिला बोलावलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नाही. दोघी दोन टोकांकडून कापत आल्या आणि मधोमध लिंबाखाली भेटल्या. तिथं बसून त्या पाणी प्याल्या. मायला गोंडी येत नव्हती, कुम्मेला मराठी बाजारापुरती यायची. ती सगळ्यांना ‘तू’च म्हणायची, बाबांनाही. माय सुरुवातीला त्यानं दचकायची, आणि नंतर तिला त्याची इतकी सवय झाली की वरोऱ्याला गेल्यावर तिथल्या बायकांचं ‘अवो बाई’ तिला लांबचं वाटायला लागलं.

तो उन्हाळा लागेपर्यंतचे दिवस माझ्या डोळ्यांपुढं आहेत ते आवाजांसह. सकाळी गुरांच्या गळ्यातल्या लाकडी घंटांचा ठक-ठक आवाज जंगलाकडं जायचा, शाळेत बाबा पाढे म्हणून घ्यायचे आणि मागं मायची खणायची सब्बल दगडावर आपटायची. लाल, मुरमाड जमीन. माय तिला नावं ठेवायची. तिच्या माहेरी म्हणे माती इतकी लोण्यासारखी की काठी खोचली तरी पालवी फुटावी. इथं हातभर खणलं की ठणका. मग तिनं खणणं सोडलं आणि वर चढवायला घेतलं. वाळलेला पालापाचोळा, शेळ्यांच्या लेंड्या, चुलीतली राख, नाल्याचा गाळ, हे सगळं घमेल्यानं आणून तिनं गुडघ्याएवढे उंच वाफे केले. कुम्मेला हे नवं होतं. ती वाफ्यावर हात फिरवून हसायची, जणू कुणाचं बाळंतपणाचं अंथरूण पाहतेय. कुम्मेच्या नवऱ्यानं बांबू आणून फाकांचं कुंपण विणलं. लिंबावरचं बांडगूळ मायनं स्वतः शिडी लावून उतरवलं, बाबांना चढू दिलं नाही. ‘तुमी फळ्यावर चढा,’ ती म्हणाली. त्या दिवशी बाबा इतके हसले की शाळेतली पोरं खिडकीत गोळा झाली. पेटीवरचं जातं कधी उतरलं ते मला आठवत नाही, पण त्या सुमारास केव्हा तरी पेटी उघडली गेली आणि तळातून चिंध्यांच्या पुरचुंड्या निघाल्या. अंबाडी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि आजीकडची बरबटी, म्हणजे ज्याला इतर लोक चवळी म्हणतात ती. माय एवढी रागावून, रडून त्या गावाला आली होती, पण येताना बी बांधून आणलं होतं. तिच्यातली कुठली बाई खरी हे तिला स्वतःला तरी ठाऊक होतं का, कोण जाणे.

कुम्मेनंही तिला बी दिलं. दोडक्याचं, काकडीचं, आणि तुंब्याचं, ज्याच्या वाळलेल्या फळात ते लोक पाणी घेऊन जंगलात जातात. तिनं पानात गुंडाळून ते मायच्या हातावर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गावासोबत तेंदूपानं तोडायला निघून गेली. तेंदूच्या दिवसांत गाव रिकामं होतं. पहाटे माणसं जंगलात, दुपारी पुडे बांधत बसलेली, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं मोजून घेण्याच्या जागेवर. कुम्मेचं तोंड पंधरा-पंधरा दिवस दिसायचं नाही. शाळेला सुट्टी लागली होती. बाबांनी वरोऱ्याला जायची तयारी केली तेव्हा माय म्हणाली, तुम्ही दोघं जा, माझे वाफे वाळतील. आधीच्या वर्षी ज्या बाईनं माहेरच्या नावानं उसासे टाकून घर भरलं होतं, ती आता वाफ्यांसाठी माहेर टाकत होती. मग कुणीच गेलं नाही.

आणि मायनं पेरलं. कापसाच्या मुलखातल्या बायका विहिरीवर पाणी असलं तर सांदवाडीच्या वेली पावसाची वाट न बघता लावतात, म्हणजे मृग येईपर्यंत वेल मांडवाला लागतो. तिनं तेच केलं. कुम्मेनं दिलेलं सगळं बी टोकलं, स्वतःचं तेवढं पावसासाठी मागं ठेवलं. मी विहिरीवरून कळशी आणायची, ती आळ्यात ओतायची. आठवडाभरात दोन-दोन पानं वर आली. माय सकाळी चहाच्या आधी तिथं जाऊन उकिडवी बसायची आणि नुसती बघायची. तिचा तो चेहरा मी नंतर कधी-कधीच पाहिला. माझी पहिली नोकरी लागली तेव्हा, आणि माझ्या मुलीला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा.

तेंदू संपला. कुम्मे एका सकाळी आमच्या कुंपणाशी आली, आत पाहिलं, मांडवाच्या काठ्यांना लागू पाहणारे दोडक्याचे वेल पाहिले, आणि तशीच परत गेली. मायनं हाक मारली. ती थांबली नाही. त्या दिवशी आली नाही, नंतरही नाही. विहिरीवर बायका आम्हाला पाहून गप्प व्हायच्या. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. आमची कळशी भरेपर्यंत नुसतं रहाटाचं कुरकुरणं ऐकू यायचं. माय घरी येऊन म्हणायची, आपलं काय चुकलं गं? मला काय माहीत? मी म्हटलं, शेळीला मारलं असेल तू. तिनं मला एक धपाटा घातला आणि मग स्वतःच रडली.

काय चुकलं ते गावच्या भूमियानं येऊन सांगितलं. भूमिया म्हणजे गावाचा सर्वांत मोठा, जमिनीचे आणि देवाचे रिवाज सांभाळणारा म्हातारा. सोबत दोन माणसं. ते ओसरीवर बसले, मायनं पाणी दिलं, ते प्याले. मग त्यानं शांतपणे सांगितलं की पावसाच्या आधी गावात बियांचा पंडुम, म्हणजे सण, होतो, विज्जा पंडुम. प्रत्येक घरातून बी येतं, ते एका टोपल्यात मिसळतात, देवापुढं ठेवतात आणि मग ओंजळ-ओंजळ सगळ्यांना परत वाटतात. त्याच्या आधी गावात कुणी एक दाणा जमिनीत टाकत नाही. आता मास्तरच्या घरी पेरलं गेलं, तर बाकी गावानं पेरायचं कसं? बी कुम्मेच्या घरचं होतं, म्हणून तिच्याकडून एक कोंबडी दंड घेतली होती. कुम्मेनं आधी का सांगितलं नाही, असं माझ्या मनात आलं. आज वाटतं, तिला सांगायचं सुचलंच नसेल. चपला काढून आत ये, हे आपण आपल्या घरच्या माणसाला सांगतो का? तिनं मायला घरचं धरलं होतं.

बाबांना फार अवघड झालं. ते हात जोडून म्हणाले, दादा, आमच्यामुळं गावाला त्रास नको, उद्या सकाळी मी सगळं उपटून टाकतो. भूमियानं मान हलवली.

‘उपटू नको. जीव आला त्याले. पंडुमात तुया घरचं बी आण. बी बियात मिळालं का झालं. मंग तुया वाडी अन् गाव एक.’

‘आमी देवाधर्मात येत नाई,’ बाबा म्हणाले. ‘आमी ते सोडलं.’

म्हाताऱ्याला हे कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. त्यानं दोन-तीन दिवसांत पंडुम आहे एवढं सांगितलं आणि उठला.

इथं बाबांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर ते हेकट वाटतील. आमच्या घरात भिंतीवर बुद्धाची एकच तसबीर असायची आणि तिला हार घालायचा नाही, नवस बोलायचा नाही, हे मला चालता येण्याआधी शिकवलं गेलं. संध्याकाळी वंदना व्हायची, ती बाबा पाढ्यांसारखी खणखणीत म्हणायचे. देवाच्या नावानं कुणी प्रसाद दिला तर ते नम्रपणे नाही म्हणायचे आणि त्यानंतर समोरचा दुखावला म्हणून घरी येऊन चुकचुकायचे, पण घ्यायचे नाहीत. हा नियम त्यांनी पुस्तकातून उचललेला नव्हता. तो त्यांच्या बापाच्या पाठीवरून आलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा सदरा काढून, कुदळ घेऊन सांदवाडीत उतरले. माय त्यांच्या आधीच तिथं होती. दोडक्याच्या वाफ्यासमोर उभी, पदर कमरेला खोचलेला. मी मागच्या दारात. मला दोघांचीही भीती वाटत होती, आणि त्याहून वाईट म्हणजे दोघांचंही खरं वाटत होतं.

‘बाजूले सरक,’ बाबा म्हणाले.

‘नाई सरकत.’

‘माह्या बापानं जत्रेत हलगी वाजवली. देवळाच्या भाईर उभं राहून, उन्हात. आत जाता येत नव्हतं, पण वाजवा लागत होतं. दीक्षा घ्याच्या आदल्या दिवशी त्यानं ते हलगी विहिरीत फेकली. मी आता कोणत्या देवापुढं टोपलं घेऊन जाऊ? सांग तू.’

मायला सासऱ्याबद्दल माया होती, आणि त्या हलगीची गोष्ट तिलाही पाठ होती. मग ती खाली वाकली, वाफ्यातलं एक गवताचं पातं उपटलं आणि ते बोटाला गुंडाळत, बाबांकडं न बघता बोलायला लागली.

‘माह्या माहेरी पेरणीच्या दिवशी तिफनीमागं दिवसभर आमीच राहो. माय, मी, माह्या बहिनी. अख्खं वावर आमच्या मुठीतून पेरलं जाय. पण सकाळची पयली मूठ मालकीन टाके, अन् ते टाकेपर्यंत आमाले धुऱ्याच्या पलीकडं उभं करत. बियावर आमची सावली नको म्हणून. पेरून झालं का तेच वावर हिरवं होय. तवा काही नाई.’ तिनं पातं टाकून दिलं. ‘हा म्हातारा काल चालत आपल्या घरी आला. पानी पेला. अन् म्हनते तुया घरचं बी आण, आमच्यात मिळव. मले देवाचं काही घेनं-देनं नाई. पन तुमी सांगा, आपलं बी असं कोनी मांगतलं होतं का कधी?’

बाबा कुदळीच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. तिकडं शाळेच्या कवेलूवर माकडांची टोळी धडधडत गेली, आणि एरवी बाबा त्यांच्यामागं काठी घेऊन पळाले असते, ते जागचे हलले नाहीत. शेवटी त्यांनी कुदळ लिंबाला टेकवली.

‘तू जा,’ ते म्हणाले. ‘मी नाई येत.’

मायला तेवढं पुरे होतं. पुढं आयुष्यात या दोघांमध्ये अनेक भांडणं झाली, काही याहून मोठी. माझ्या लग्नावरून तर घर महिनाभर धुमसत होतं. पण एवढ्या कमी शब्दांत एकमेकांना वाट दिल्याचं मला दुसरं आठवत नाही. मी आता चंद्रपुरात मुलीकडं राहते. इथं गच्चीवरच्या कुंड्यांच्या पानांवर रोज वीजकेंद्राच्या राखेची बारीक पूड बसते, ती मी ओल्या फडक्यानं पुसते. मागच्या वर्षी नवऱ्याच्या भाच्याच्या गाडीतून एटापल्लीच्या त्या रस्त्यानं गेले तर सूरजागडकडून येणारे खनिजाचे ट्रक एकामागं एक, आणि रस्त्याकडेच्या सागाची पानं विटेसारखी लाल. गाडीतली तरुण मंडळी विकास आणि विस्थापन यावर तावातावानं बोलत होती. त्यांचं सगळं ऐकून घेतलं. माझ्या डोळ्यांपुढं मात्र गवताचं पातं बोटाला गुंडाळणारी माझी माय होती.

पंडुमाच्या दिवशी तिनं लुगडं धुतलेलं नेसलं, पण ठेवणीतलं नाही. बरबटी आणि अंबाडी एका फडक्यात बांधली. मला सोबत घेतलं. बाबा ओसरीवर आठवड्यापूर्वीचं वर्तमानपत्र उघडून बसले होते, आणि ते उलटं धरलं असतं तरी त्यांना कळलं नसतं. गावाच्या टोकाला, नाल्यापलीकडं देवाची जागा. मोहाच्या दारूचा आणि भाजल्या मांसाचा वास, ढोल, खूप माणसं. आम्ही त्या दिशेनं चाललो तसा मायचा हात माझ्या हातात घट्ट होत गेला. तिला देवापुढं उभं राहावं लागलं तर काय करायचं, हे ती मनात जुळवत होती. मला म्हणाली, मी हात जोडणार नाई, तूही जोडू नको, नुसती उभी राह्य. पण नाल्याच्या अलीकडेच बायका बसलेल्या होत्या. सगळ्या. बायकांनी देवाच्या जागेपर्यंत जायचंच नसतं, पुरुषच टोपली घेऊन जातात. म्हणजे बाबांनी ज्याची एवढी धास्ती घेतली, ज्यासाठी घरात सकाळभर रण पेटलं, ते तिथल्या कुठल्याच बाईच्या वाट्याला नव्हतं. मायच्या हे लक्षात आलं तेव्हा ती आधी सुटकेनं हसली आणि मग तिच्या कपाळावर आठी आली. मला ती आठी अजून आवडते. गावानं तिला जवळ घेतलं म्हणून सगळंच गोड मानणारी ती नव्हती. ‘इथीबी आपल्याले अलीकडंच बसवलं,’ असं ती पुटपुटली, आणि बसली.

कुम्मे उठून आली आणि तिच्या शेजारी येऊन टेकली, जणू काल संध्याकाळीच भेटली होती. माय कितीतरी दिवस जे बोलायचं म्हणून घोकत होती ते एकदम बाहेर आलं. माझ्यामुळं तुला दंड भरावा लागला, तुझी कोंबडी गेली, तू माझ्याशी बोलणं टाकलंस. कुम्मेनं सगळं ऐकलं.

‘कोंबडी सगळ्याईनं खाल्ली,’ ती म्हणाली. ‘मीबी खाल्ली. पंडुम होत नाई तंवर तुया वाडीत पाय ठेवता येत नव्हता, म्हणून नाई आली.’ मग तिनं हात पुढं केला. ‘तुया बी कुठी?’

मायनं फडकं तिच्या हातात दिलं. कुम्मेनं ते आपल्या नवऱ्याकडं, त्यानं भूमियाकडं. नाल्याच्या अलीकडून आम्हाला स्पष्ट दिसत होतं. भूमियानं गाठ सोडली, आमचं बी मोठ्या टोपल्यात ओतलं आणि हात कोपरापर्यंत आत घालून सगळं ढवळलं, जशी बाई पीठ मळते. मक्का, कुटकी, धान, आणखी कुणाची बरबटी, दोडक्याच्या काळ्या बिया, कुणाची काय, कुणाची काय. कुणी आमच्याकडं वळून पाहिलं नाही. ढोल आधीपासून वाजत होता तसाच वाजत राहिला. मायनं पदर तोंडाला लावला होता, आणि तिचे डोळे वाहत होते. कुम्मे तिच्याकडं न बघता मला चारोळीचं फळ सोलून देत होती.

दुपारी पानाच्या द्रोणात आमच्या वाट्याचं बी घेऊन आम्ही परत आलो. बाबा ओसरीवर तसेच बसले होते. मायनं सूप घेतलं, द्रोण त्यात रिकामा केला आणि पाय पसरून निवडायला बसली. मक्का एका कडेला, दोडका एका कडेला, अंबाडी, कुटकी. मग बरबटी. ‘आजीची बरबटी मी झोपेतबी ओळखीन,’ ती मला म्हणाली, ‘तांबूस अन् डोया बारीक.’ एकेक दाणा ती बोटानं सरकवू लागली. सगळेच दाणे तांबूस होते. सगळ्यांचाच डोळा बारीक होता. तिचं बोट हळू होत गेलं आणि मग थांबलं. ‘यातली आपली कोनती?’ तिनं विचारलं. मी वाकून पाहिलं, मला सांगता येईना.

बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. ते उठले, सुपाशी उकिडवे बसले. एक दाणा उचलून उजेडाकडं धरला, मग दुसरा, मग दोन्ही शेजारी-शेजारी तळव्यावर. त्यांना सगळं माहीत असतं अशी माझी तेव्हा खात्री होती, म्हणून मी वाट पाहत होते. बराच वेळ ते तळव्याकडं बघत राहिले. मग दोन्ही दाणे परत सुपात टाकले, मायनं केलेले सगळे ढीग हातानं एकात एक मिसळले, आणि सूप उचलून उभे राहिले.

‘चाल,’ ते मायला म्हणाले. ‘कुठी पेराचं ते मले दाखव.’